बाइल्स पळाली म्हणे!

खवचट_खार: शेजारच्या धाग्यावर एका महाशयांनी अक्कल पाजळलीय: 'टोकियो ऑलिम्पिकमध्ये अमेरिकन जिमनॅस्ट सिमोन बाइल्सने सांघिक फायनल अर्ध्यावर सोडली, सोनं घालवलं, वर मानसिक आरोग्याचं निमित्त.' २७ जुलै २०२१चा तिचा तो व्हॉल्ट (टेबलावरून मारायची उडी) नीट पाहा. ठरला होता अमानार, अडीच गिरक्यांचा. हवेत दीडच झाली आणि ती कशीबशी पायांवर आली. गुण १३.७६६. याला ट्विस्टीज म्हणतात; त्यात आपण हवेत कुठे आहोत हेच कळत नाही. गिरकी अर्धवट सुटली की पाय जमिनीत रुततात, धड फिरत राहतं आणि गुडघा जातो. मानेवर पडलं तर विषयच संपला.

रोखठोक: ते महाशय मीच. रशियन संघ १६९.५२८ गुण, अमेरिका १६६.०९६. फायनलला प्रत्येक साधनावर तिघीच उतरतात, तिघींचेही गुण धरतात. हुकमी एक्का बाहेर बसल्यावर दुसरं काय होणार?

खवचट_खार: फ्लोअरवर (जमिनीवरच्या कसरतीत) अमेरिकेच्याच जॉर्डन चाइल्सला ११.७०० मिळाले. तिथे ती बदली नव्हती, आधीच ठरलेली होती. तेही बाइल्सच्याच खात्यावर का?

जाळीपल्याड: ही सगळी टेनिसपटू नाओमी ओसाकाची फॅशन. त्याच वर्षी फ्रेंच ओपनमध्ये पत्रकार परिषद टाळली, १५,००० डॉलर दंड, मग स्पर्धाच सोडली. नियम सगळ्यांना सारखा ना?

खवचट_खार: धागा जिमनॅस्टिक्सचा आहे हो.

कोपऱ्यातला: असू दे, पण अर्धंच सांगू नका. दंडावर प्रकरण मिटलं नव्हतं. चारही ग्रँड स्लॅमनी मिळून पत्रक काढलं, पुढे बंदीही येऊ शकते म्हणून. तेही पहिल्या फेरीनंतर लगेच!

जाळीपल्याड: मग करारावर सही कशाला करायची? प्रायोजकांचा फलक मागे लावून दहा मिनिटं बसायचं, यात कसला छळ?

कोपऱ्यातला: हरल्यावर तोच प्रश्न पाच तऱ्हांनी विचारतात, तेव्हा बसून बघा. लेखी उत्तरं घ्या, नाहीतर एक दिवस उशिरा बोलवा. बातमी काही मरत नाही.

जाळीपल्याड: उद्या सामनाही लेखी खेळा.

रोखठोक: टेनिस पुरे. बाइल्स एवढी आजारी, तर ३ ऑगस्टला बीमवर (अरुंद तुळईवर) कशी उतरली? तेव्हा पदक दिसलं वाटतं!

खवचट_खार: डिसमाउंट, म्हणजे खाली उतरायची शेवटची उडी, पाहिलात का? नेहमीचा गिरकीवाला काढून तिने डबल पाइक (पाय सरळ ठेवून दोन कोलांट्या) लावला, त्यात गिरकीच नाही. जे अंग ऐकत नव्हतं तेवढंच वगळलं. १४.०००, कांस्य. आणि व्हॉल्ट फायनलमधली तिची जागा अमेरिकेच्याच मायकेला स्किनरला मिळाली, तिने रौप्य नेलं.

रोखठोक: बरं, स्किनरचं मान्य. पण सांघिक फायनलच्या आधीच सांगितलं असतं, तर तिच्या जागी आयत्या वेळी उतरलेल्या चाइल्स आणि सुनी लीला निदान नीट वॉर्मअप तरी मिळाला असता. याला उत्तर आहे?

खवचट_खार: नाही. तेवढं एक बरोबर बोललात, तेही चुकून.