उमेदवाराचा खर्च आणि उसाची तोड

मतदार पैसे घेतो म्हणून पुढारी पैसे खातो, असे नेहमी म्हटले जाते. सांगली-साताऱ्याकडे पाहता मला ही मांडणी अपुरी वाटते. विधानसभेच्या उमेदवाराला २०२२ पासून ४० लाख रुपयांची खर्चमर्यादा आहे, पण पक्षाच्या खर्चाला कायद्याने मर्यादाच घातलेली नाही, त्यामुळे ज्याच्या मागे पैसा उभा करणारे लोक आहेत त्यालाच तिकीट मिळते आणि निवडून आल्यावर त्या लोकांची परतफेड ठेक्यांतून करावी लागते.

आमच्या वाळवा-कराड पट्ट्यात तर मतासाठी दिले जाणारे रोख पाकीट हा या व्यवहाराचा लहानसा भाग आहे. ज्याच्या एक एकर आडसाली (पावसाळ्यात लावून साधारण दीड वर्षाने तोडायच्या) उसाला तुरा, म्हणजे फुलोरा, आला आहे, त्याला ऊसतोड मजुरांची टोळी कधी मिळणार हे सहकारी साखर कारखान्याचे शेती खाते ठरवते. तोड महिनाभर लांबली की वजन घटते, साखरेचा उतारा पडतो आणि पुढचे पीकही मागे पडते. कारखान्याच्या अशा सभासदाने तिथल्या सत्ताधारी पॅनेलविरुद्ध उघड उभे राहावे आणि न राहिल्यास त्याला विकाऊ म्हणावे, हा त्याच्यावर सरळ अन्याय आहे. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार १४ दिवसांत बिल न दिल्यास १५ टक्के व्याज द्यावे लागते, म्हणजे बिलाबाबत निदान हक्काने भांडता तरी येते. तोडणीचा क्रमही ऊस लागणीच्या नोंदीच्या तारखेनुसार प्रत्येक गावच्या चावडीवर लावला जावा, ही मागणी आपण वार्षिक सभेत लेखी द्यायला हवी.