शाळेचे अकरा लॅपटॉप आणि तळघरातला सीडींचा डबा

प्रेषक: कार्यवाह
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या कार्यक्रमाचा हिशेब खजिनदार वेगळा पाठवतीलच. आता मागे पडलेला एक विषय. आपल्या रविवारच्या मराठी शाळेचे अकरा लॅपटॉप विंडोज १० वर चालतात आणि १४ ऑक्टोबरला त्या विंडोजचा आधार संपला. प्रोसेसर सातव्या पिढीचे आणि त्याहून जुने असल्याने विंडोज ११ त्यांच्यावर रीतसर चढत नाही. इथे युरोपात आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेच्या दुरुस्त्या फुकट मिळतील. पण त्यासाठी प्रत्येक लॅपटॉप मायक्रोसॉफ्टच्या खात्याला जोडावा लागतो. मुलांच्या वर्गातली यंत्रं नेमक्या कोणाच्या खात्याला जोडायची, हा प्रश्न आहेच.

दोन सूचना आल्या आहेत. एक, वापरलेले पण नवे वाटणारे लॅपटॉप घ्यायचे. दोन, आहेत त्यांवर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी खुली आणि फुकट यंत्रणा, घालायचं. २३ तारखेच्या बैठकीआधी मोकळेपणाने मतं कळवा.

आपली,
कार्यवाह

प्रेषक: शाळेतला एक पालक
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

नमस्कार,

माझा स्पष्ट विरोध आहे आणि कारण सांगतो. मुलं आठवडाभर जर्मन शाळेत एक पद्धत वापरतात. रविवारी दोन तास मराठीसाठी मिळतात, तेही बरेचदा वाढदिवस आणि फुटबॉलच्या सामन्यांतून ओढून काढावे लागतात. त्यातली पंधरा मिनिटं ‘हे बटण कुठे गेलं’ यात घालवायची नाहीत. शिवाय मराठी टाइप करण्याचं काय? फोनवर कसंबसं जमतं. लिनक्सवर देवनागरी नीट उमटतं का हे कोणी खरोखर पाहिलंय? आणि ज्या म्युनिक महापालिकेने आधी लिनक्स घेतलं तिनेच पुढे ते सोडलं, हे आपण सगळे जाणतो. एवढ्या मोठ्या पालिकेला जे टिकवता आलं नाही ते आपण चार स्वयंसेवक कसं टिकवणार?

पैसे कमी पडत असतील तर मी शंभर युरो देतो. अजून काही पालकही देतील.

प्रेषक: स्मरणिका आणि ग्रंथालय समिती
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

सप्रेम नमस्कार,

पत्र लांबलं आहे, सांभाळून घ्या. गेली दोन वर्षं हे मनात आहे.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. हो, पाहिलं. शनिवारी रात्री शाळेच्या कपाटातला सगळ्यात रडका लॅपटॉप घरी आणला, ४ जीबी मेमरीचा, झाकणावर गणपतीचा स्टिकर असलेला. एका पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट घेतलं, त्याची हलकी एक्सएफसीई आवृत्ती. आधी काहीही न पुसता नुसतं पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येतं, तसं बघितलं. वायफाय लागलं, आवाज आला, शाळेच्या खोलीतला प्रिंटर काल त्याला आपोआप सापडला. बोटाच्या ठशाने उघडणं मात्र चालत नाही. मग लेकाला विचारून डिस्कवर बसवलं. चहा करून येईपर्यंत अर्धं झालं होतं.

मराठी टायपिंगसाठी आयबस आणि एम१७एन नावाची दोन पॅकेजं बसवावी लागतात. त्यानंतर मराठीच्या यादीत इनस्क्रिप्ट दिसतं, उच्चारानुसार टाइप करायचा पर्याय दिसतो, आणि चक्क ‘गमभन’ दिसतं. मराठी संकेतस्थळांवर पंधरा-वीस वर्षांपूर्वी ज्यांनी लिहायला सुरुवात केली त्यांच्या बोटांत ती पद्धत अजून असेल. माझ्या आहे. पहिलं वाक्य न अडखळता उमटलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

मुलांना मात्र इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणीच शिकवावी असं माझं मत आहे. ही मांडणी भारत सरकारने १९८६ मध्ये प्रमाण केली. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर ती तीच राहते. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. रोमन अक्षरांतून मराठीकडे जाणारं मूल ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’ यांत कायम गोंधळतं, कारण त्याच्या डोक्यात आधी इंग्रजी स्पेलिंग उभं राहतं. इनस्क्रिप्टमध्ये ‘ळ’ला स्वतःची ठरलेली जागा आहे, ‘ल’च्या कळीवर शिफ्ट धरून.

अजून एक गोष्ट, जी मला लॅपटॉपच्या किमतीपेक्षा मोलाची वाटते. आपण मुलांना फळ्यावर मराठी वळणाचा ‘ल’ आणि मराठी वळणाचा ‘श’ शिकवतो, आणि पडद्यावर त्यांना हिंदी वळणाचे दिसतात. मुलं विचारतात, ‘मावशी, कुठला बरोबर?’ लिबर ऑफिसमध्ये, म्हणजे वर्डसारख्या फुकट आणि खुल्या प्रोग्रॅममध्ये, मजकुराची भाषा मराठी ठेवली आणि फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असली, तर आपली रूपं दिसतात. ‘लोहित देवनागरी’मध्ये मी हे करून पाहिलं. लोहितचे फॉन्ट रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीच्या पुण्यातल्या लोकांनी सांभाळले आणि कोणालाही वापरायला, बदलायला खुले ठेवले. हे विंडोजवरही करता येईल, कारण लिबर ऑफिस तिथेही चालतं. म्हणजे हा मुद्दा लिनक्सच्या बाजूचा नाही. मुक्त अक्षरांच्या बाजूचा आहे, आणि मी तोच मांडायला बसले आहे.

आता म्युनिकची गोष्ट. मी तेव्हा इथेच होते, म्हणून ती पुरी सांगते. पालिकेच्या यंत्रांवर विंडोज एनटी ४ होतं आणि त्याचा आधार संपत आला होता. आपल्यासारखीच अडचण. मे २००३ मध्ये नगरपरिषदेने लिनक्सच्या बाजूने कौल दिला. त्याआधी मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बॉल्मर स्कीइंगची सुट्टी मध्येच सोडून महापौर क्रिस्तियान ऊडे यांना भेटायला आले होते. काम दहा वर्षं चाललं. २०१३ पर्यंत सुमारे पंधरा हजार यंत्रं ‘लिमक्स’ या पालिकेच्या स्वतःच्या लिनक्सवर आली. २०१७ मध्ये, दुसऱ्या महापौरांच्या काळात, परिषदेने विंडोजकडे परतायचं ठरवलं.

हे वाचून ‘फसलं’ म्हणणं सोपं आहे. पण ती दहा वर्षं कशात गेली ते बघा. यंत्रणा बसवण्यात फार थोडी गेली. खरा वेळ गेला हजारो वेगवेगळे साचे, फॉर्म आणि मॅक्रो शोधून एका जागी आणण्यात. प्रत्येक खात्याची संगणकांची व्यवस्था वेगळी, प्रत्येकाचे पत्राचे नमुने वेगळे, आणि सगळे एकाच कंपनीच्या स्वरूपात अडकलेले. त्यासाठी पालिकेने ‘वोलमक्स’ नावाचं स्वतःचं साधन लिहिलं आणि तेही खुलं केलं. वर उत्तरेला श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने यातून धडा घेतलेला दिसतो. त्यांनी २०२४ मध्ये तीस हजार कर्मचाऱ्यांसाठी आधी लिबर ऑफिस ठरवलं, या ऑक्टोबरमध्ये ईमेलच्या चाळीस हजारांवर टपालपेट्या खुल्या यंत्रणेवर नेल्या, आणि यंत्रणेचा बदल हळूहळू मागून आणतायत. आधी कागद, मग यंत्र.

आपले कागद कुठे आहेत? केलरमध्ये, म्हणजे तळघरात, निळ्या डब्यात, सीडींवर. १९९७ ते २००९ च्या स्मरणिका. गेल्या उन्हाळ्यात मी तो डबा वर आणला. सीडी बऱ्याचशा वाचता आल्या, फाइली उघडल्या, आणि पडद्यावर आली रोमन अक्षरं, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हं. कारण त्या काळी आपण युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, लिहीतच नव्हतो. फॉन्टमध्ये रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचा तुकडा बसवलेला असायचा. फॉन्ट आहे तोवर ते मराठी, फॉन्ट गेला की नुसता कचरा. ज्या प्रोग्रॅममध्ये पानं लावली होती तो तर संगणकाच्या मागे एक कुलूप खोचल्याशिवाय सुरूच व्हायचा नाही. प्रिंटरच्या भोकात बसणारं, आगपेटीएवढं. ते कुलूप तीन घरं बदलताना कुठेतरी हरवलं. तसलं भोकही आता कुठल्या लॅपटॉपला नसतं.

त्या डब्यात २००१ च्या अंकात आपल्या आजींचा लेख आहे. नाव घेत नाही, पण जुन्या लोकांना कळेल. साठच्या दशकात नवऱ्यामागून इथे आल्या, एकही मराठी घर माहीत नसताना शाडू नव्हता म्हणून शेजारच्या कुंभाराकडून माती आणून गणपती केला, आणि तो इझार नदीत सोडायला पोलिसांची परवानगी कशी काढली ते त्यांनी लिहिलं होतं. आजी २०१६ मध्ये गेल्या. तो लेख आपल्याजवळ आहे आणि आपण तो वाचू शकत नाही. आपल्याच माणसाचं लिखाण उघडायची किल्ली दुसऱ्या कोणाच्या खिशात होती आणि आपल्याला ते वीस वर्षं खटकलंही नाही, याचं मला दुःख आहे आणि थोडी लाजही वाटते. तेव्हा अंक मीच लावायचे.

म्हणून माझं म्हणणं असं. लॅपटॉपांवर लिनक्स जरूर घालूया, पण तो निर्णय दुसरा. पहिला निर्णय हा घ्या की मंडळाचं यापुढचं सगळं लिखाण युनिकोडमध्ये, मुक्त फॉन्टात आणि ओडीटीसारख्या खुल्या स्वरूपात ठेवायचं, आणि मागचं आणता येईल तेवढं तिथे आणायचं. इतकं झालं की खाली कुठलीही यंत्रणा असली तरी मला चालेल. उद्या कोणी पुन्हा विंडोज आणलं तरी आजींचा लेख उघडेल.

सप्रेम,
संपादक

प्रेषक: खजिनदार
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

ताई, पत्र दोनदा वाचलं. माझ्या आईने ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं.

माझ्याकडून तीन नोंदी. करखात्याचं विवरण आपण एल्स्टरच्या संकेतस्थळावरून भरतो, ते ब्राउझरमध्ये चालतं, त्यामुळे अडचण नाही. बँकेचंही तसंच. पण सभासद-वर्गणीचा प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालतो आणि मार्चच्या सर्वसाधारण सभेआधी तो बदलायची माझी तयारी नाही. तेव्हा माझा बारावा लॅपटॉप आहे तसा राहू द्या. त्यावर विंडोज ११ आहे. वर्गणीची यादी मात्र दर महिन्याला सीएसव्हीमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या तक्त्यात, काढून ठेवायला आजपासून सुरुवात करतो. ती कशातही उघडते.

लिनक्स मिंटची आत्ताची २२ ही मालिका एप्रिल २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे. साडेतीन वर्षं हे लॅपटॉप चालले तर पुरे. चालते लॅपटॉप वर्टश्टोफहोफमध्ये, म्हणजे भंगार गोळा करण्याच्या आवारात, टाकायला माझं मन होत नाही.

वाचलेल्या पैशांतून पुण्याहून गोष्टींची पुस्तकं मागवावीत, अशी माझी सूचना बैठकीत येईल.

प्रेषक: शाळेतला एक पालक
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

ताई, म्युनिकबद्दल मला अर्धंच माहीत होतं. ‘ल’चा मुद्दाही पटला. माझी मुलगी हेच विचारत होती आणि मी तिला दोन्ही बरोबर म्हणून गप्प केलं होतं.

शंका एक उरते. मुलं घरून वर्डच्या फाइली आणतात. त्या उघडतील?

प्रेषक: स्मरणिका आणि ग्रंथालय समिती
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

उघडतात. साधा मजकूर, चित्रं, निबंध यांना काही होत नाही. चौकटी आणि तक्ते फार सजवलेले असले तर थोडे सरकतात, आणि घरी वापरलेला फॉन्ट इथे नसेल तर ओळी वेगळ्या तुटतात. म्हणून छापायचं असेल ते पीडीएफ करून आणायला सांगूया. येत्या रविवारी तुमच्या मुलीला गणपतीच्या स्टिकरवाला लॅपटॉप देते. मी काही शिकवणार नाही, शेजारी बसून नुसती बघेन.

प्रेषक: स्मरणिका आणि ग्रंथालय समिती
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी,

कालच्या वर्गाबद्दल आधी. फाइल कुठे ठेवली हे शोधताना आपल्या पालकांची मुलगी एकदा अडली, आणि ‘क्ष’ कसा काढायचा हे विचारलं. बाकी बारा ओळींचा निबंध तिने एकटीने लिहिला. ‘ल’ आपल्या वळणाचा बघून तिने वहीतला ‘ल’ पडद्याशेजारी धरून ताडून पाहिला.

आता सीडींबद्दल. शाळेतल्या एका बाबांकडे जुन्या फॉन्टांतून युनिकोडमध्ये नेणारी एक छोटी स्क्रिप्ट होती, ती आम्ही आपल्या फॉन्टाच्या तक्त्याप्रमाणे बदलली. सोपं नाही. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर यावी लागते. रफार उलटा, अक्षराच्या नंतर. ‘वाऱ्या’मधला आडवा र तर दरवेळी वेगळ्या रूपाने निघतो, तो हातानेच नीट करावा लागतो. चाळीस पानांच्या अंकाला वाचणारी माणसंच लागतील. ज्यांना रात्री अर्धा तास देता येईल त्यांनी कळवा, प्रत्येकी चार पानं वाटून देते. लिनक्स लागत नाही, कुठल्याही संगणकावर जमेल.

आजींचा लेख मी आधी घेतला. पहिलं पान काल रात्री पुरं लागलं. सुरुवात अशी आहे: ‘माती कुठे मिळेल हे विचारायलासुद्धा मला शब्द येत नव्हते.’

दुसऱ्या पानावर मात्र सीडी खराब आहे आणि इझारच्या काठावरच्या प्रसंगातल्या चार-पाच ओळी गेल्या आहेत. पोलीस काय म्हणाला ते नेमकं त्यातच होतं. कोणाकडे २००१ चा छापील अंक असेल, पिवळ्या मुखपृष्ठाचा, तर पान १४ चा फोनने फोटो काढून मला पाठवा. पान दुमडलेलं, डाग पडलेलं असलं तरी चालेल.

सप्रेम,
संपादक