मदत हवी आहे: हाताने काढलेल्या सशाची सावली कशी जमवायची?

नमस्कार मंडळी. सुट्टीत भाचीला 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट' (1988) दाखवला. खुनाचा आळ आलेला कार्टून ससा आणि त्याला लपवणारा वैतागलेला गुप्तहेर. खलनायक न्यायाधीश डूम एका बिचाऱ्या जिवंत कार्टून बुटाला कार्टून विरघळवणाऱ्या द्रावणात बुडवतो तेव्हा पोरगी माझ्या कुशीत शिरली (लहान मुलं असतील तर तेवढा प्रसंग वगळा), पण सिनेमा संपल्यावर म्हणाली, "मामा, आपण पण करू!"

झालं, अडकलो. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं शूटिंग केलंय: ती स्वयंपाकघरात उभी, ओट्यावर ससा येऊन लाडू पळवतो. लाडू दोऱ्याने ओढला, ते छान जमलं. ससा ती टॅबवर एकेक फ्रेम करून काढतेय.

अडचणी दोन. एक, तिची नजर सशाच्या डोक्यावरून जाते. सिनेमात गुप्तहेर झालेल्या बॉब हॉस्किन्ससाठी सरावाला रबरी ससा ठेवायचे म्हणे. मी उशी ठेवली, तर ती हसतच सुटली.

दुसरी खरी डोकेदुखी: ससा ओट्यावर चिकटवल्यासारखा दिसतो. सिनेमात हातकडी कापताना दिवा हेलकावतो आणि सशावरचा उजेड, सावली प्रत्येक फ्रेमला बदलते, तेही कॉम्प्युटर ॲनिमेशनशिवाय! त्यांनी सावल्यांचे थर वेगळे काढले होते. मोबाइलवर हे कोणत्या फुकट ॲपमध्ये जमेल? सावली वेगळ्या लेअरवर काढून धूसर केली तरी ती तरंगतेच. कुठे चुकतोय?

लाडू संपत आलेत, लवकर सांगा.