अक्षर निघेपर्यंत नाव ठरवायचं नाही म्हणे!

सातवा_संपला
परवा डोहाळजेवण झालं आणि दुसऱ्याच दिवशी घरात नावावरून वाजलं. मी आणि नवऱ्याने दोन याद्या करून फ्रिजवर लावल्या होत्या, एक मुलीची, एक मुलाची. (मुलगा की मुलगी हे इथे सांगत नाहीत, १९९४ च्या कायद्याने बंदी आहे आणि ती आहे तेच बरं. पण मेहनत दुप्पट होते.) सासूबाईंनी दोन्ही याद्या काढून पोह्यांच्या डब्याखाली सारल्या. म्हणाल्या, "जन्माआधी नाव घेऊ नये. आणि जन्मल्यावर पत्रिकेत जे अक्षर निघेल त्यावरूनच ठेवायचं."

नऊ महिने पोटात मी वागवायचं आणि पहिलं अक्षर चंद्राने ठरवायचं? मला हे पटत नाही. तुमच्याकडे काय करतात ते सांगा. समजूत नको, भांडायला दारूगोळा हवाय.

पंचांग_हाताशी
माझ्याकडून दारूगोळा मिळणार नाही, मी सासूबाईंच्या बाजूची. अक्षराचा जाच होत नाही, उलट सुटका होते. मोठ्या भाचीच्या वेळी आमच्याकडे कुणी अक्षर पाहिलं नाही. व्हॉट्सॲपवर गट काढला, दोनशे नावं आली, महिनाभर रुसवेफुगवे झाले आणि शेवटी जे नाव राहिलं ते कुणालाच फारसं आवडलं नव्हतं, म्हणून कुणाचा विरोधही नव्हता. धाकट्याच्या वेळी रोहिणी निघाली, ओ, वा, वी, वू. एका संध्याकाळी नाव पक्कं. अंताक्षरीत अक्षर दिलं की गाणं सुचतं. "कुठलंही म्हणा" म्हटलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

भटजींचा_नातू
रोहिणीवर निभावलं म्हणून बोलताय. आजोबांच्या पंचांगावर मी बाराखडी शिकलो, तेव्हा थोडं सांगतो. या कोष्टकाला अवकहडा चक्र म्हणतात. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, म्हणजे १०८ अक्षरं. आता आश्लेषा घ्या: डी, डू, डे, डो. ठेवा नाव! हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ. आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला तर चक्क 'ङ' आहे. 'ङ'वरून एक धड नाव सुचवा, बारशाचा पाळणा माझ्या खर्चाने सजवतो.

आणखी एक. चंद्र साधारण सहा तासांत एक चरण ओलांडतो. सिझेरियन सकाळी ९ ऐवजी संध्याकाळी ५ ला झालं की अक्षर बदललं. म्हणजे नाव चंद्राने ठरवलं की भूलतज्ज्ञाच्या वेळापत्रकाने?

शास्त्राचंच म्हणाल तर शास्त्र एका नावावर थांबतच नाही. कुलदेवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहाराचं, अशी चार नावं सांगितली आहेत. बारशाला ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने लिहितात ती हीच. अक्षराचा संबंध त्यातल्या नक्षत्रनामाशी. पत्रिकेत ते 'नावरस नाव' म्हणून पडून राहतं. हाक मारायचं नाव वेगळं असायला कुणाची ना नाही. पारस्कर गृह्यसूत्रात तर मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरी आणि मुलीचं विषम अक्षरी, आकारान्त असावं असं आहे. त्याबद्दल कुणी भांडताना मी पाहिलं नाही.

पंचांग_हाताशी
'ङ' निघालं तर गुरुजी त्याच नक्षत्राचं 'घ' किंवा 'छ' देतात. इतकं काही अडत नाही.

भटजींचा_नातू
सोयीने अक्षर बदलता येतं, मग सोयीने नाव का नाही?

पंचांग_हाताशी
कारण बदलायलाही आधी काहीतरी हातात लागतं. आणि तुम्ही सूत्रं सांगताय, मी घर सांगतेय. आजीला पत्रिका करायचा आनंद असतो. तो काढून घेऊन तिला काय देणार? लंगोट धुवायला?

आइंडहोवनचा_काका
नेदरलँड्समध्ये हा वाद घालायला वेळच नाही. जन्मल्यापासून तीन दिवसांत नगरपालिकेत नोंद करावी लागते, नावासकट. बारसं बाराव्या दिवशी! आमच्या बहिणीने व्हिडिओ कॉलवर कुर्रर्र केलं तेव्हा बाळाचा दाखला येऊन दहा दिवस झाले होते. तेव्हा ताई, यादी आधी करा. आणि जमलं तर 'ळ' आणि 'ज्ञ' टाळा. माझ्या नावातल्या 'ज्ञ'चं इथे रोज काय होतं ते ऐकवत नाही. इंग्रजीत लिहिताना डी, एन, वाय. वाचणारा 'ड'वरच अडखळतो.

ळ_चा_लळा
परक्यांच्या जिभेला जड जातं म्हणून आपली अक्षरं गाळायची? मग सगळीच मुलं आरव, विहान आणि कियान. माझ्या मुलीच्या बालवाडीच्या वर्गात तीन आरव आहेत, बाई त्यांना आडनावाने हाक मारतात. आणि त्या नावांचे अर्थ! कसलाही अर्थ विचारा, उत्तर ठरलेलं: 'विष्णूचा अंश' नाहीतर 'सूर्याचा पहिला किरण'. एवढे किरण पडले तर मुलं करपतील.

ठाण्याची_आत्या
अक्षर कुठलंही घ्या, पण नाव कानात सांगायचा मान आत्याचा, तो विसरू नका. भावाने बारशाच्या आदल्या रात्रीच बाळाचं नाव फुगे-ढगांच्या चित्रासकट सगळ्या गटांवर टाकलं. मी पाळण्याशी वाकले, कुर्रर्र केलं, पाठीत धपाटे खाल्ले आणि कानात काय सांगू? सगळ्या आळीला ठाऊक होतं ते! घुगऱ्या तेवढ्या चांगल्या झाल्या होत्या.

एक कामाचं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात सरकारी कागदांवर आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव लावायचं आहे. पाचअक्षरी नाव ठेवाल तर फॉर्मच्या चौकटी पुरणार नाहीत.

साताऱ्याची_मास्तरीण
वादात मागे पडतंय ते सांगते. माझ्या वर्गात एक नकुशी होती. हजेरीला नाव घेताना माझीच मान खाली जायची. २०११ मध्ये जिल्ह्यात कार्यक्रम घेऊन अडीचशेहून जास्त नकुशींची नावं बदलली, तेव्हा पुष्कळ मुलींनी स्वतःचं नाव स्वतः निवडलं. त्या घरांतही बाळ यायच्या आधी नाव ठरलेलंच असायचं, पण ते मुलाचं. मुलगी झाली की तिच्यासाठी यादी नसायची, फक्त वैताग असायचा.

म्हणून "जन्माआधी नाव घेऊ नये" हे मला नुसती श्रद्धा म्हणून सोडून देता येत नाही. पूर्वी बाळं दगावायची, जीव गुंतू नये म्हणून नाव लांबवायचे, दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू ठेवायचे. ती भीती खरी होती. आज मात्र फ्रिजवर मुलीच्या नावाची यादी दिसली की बरं वाटतं. ताई, ती डब्याखालून काढा.

पंचांग_हाताशी
यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण सासूबाईंची भीती नकुशीवाल्यांसारखी नाही, एवढं लक्षात ठेवा.

भटजींचा_नातू
घाईही नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची, पण नावाशिवाय चालते. १२ महिन्यांपर्यंत फी न भरता नाव घालता येतं. फक्त टाळत बसू नका, १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे.

सातवा_संपला
काल सासूबाईंना १०८ अक्षरांचं वाचून दाखवलं. 'ङ'ला खूप हसल्या. मग मी सहज विचारलं, तुमचं पत्रिकेतलं नाव काय? म्हणाल्या, "पत्रिकेतलं कशाला, माहेरचं नावसुद्धा राहिलं नाही. लग्नात ताटातल्या तांदळात यांनी नवीन लिहिलं. तेव्हा कुणी विचारलं नाही गं अक्षर कुठलं."
माहेरचं नाव काय होतं म्हटल्यावर उठून कुकर लावायला गेल्या.

मी भांडले नाही. याद्या अजून डब्याखालीच आहेत. आज सकाळी पोहे काढताना पाहिलं तर मुलीच्या यादीत तळाशी एक नाव वाढलंय. अक्षर माझं नाही, नवऱ्याचंही नाही.

पंचांग_हाताशी
आणि मुलाच्या यादीत?

सातवा_संपला
तिथे दोनच नावं होती. त्यातलं एक खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याचं निघालं.