अनुभव धागा: खाडी, खारफुटी, चिलिका आणि आपली उजनी

लेक ऐरोलीला राहते म्हणून फेब्रुवारीत ठाण्याची खाडी बघणं झालं. आल्यापासून सांगत सुटलेय, घरचे आता कंटाळलेत. तुम्हीही अशी पाणथळ जागा पाहिली असेल तर लिहा. अट एकच: स्वतः पाहिलेलं लिहायचं, फॉरवर्ड नको.

माझ्यापासून सुरुवात. बोटीची वेळ भरतीवर ठरते. आपण एसटीच्या वेळापत्रकावर वाढलेली माणसं. दहाची बोट साडेबाराला सुटणार म्हटल्यावर मी भांडायच्या तयारीत! लेकीनं गप्प केलं. थांबलो तेवढ्यात तिवराची, म्हणजे खारफुटीची झाडं जवळून बघितली. मुळं जमिनीत जायची सोडून चिखलातून वर आलेली, शेकड्यांनी पेन्सिली रोवल्यासारखी. श्वास घेण्यासाठी म्हणे. गळून पडलेलं एक पान जिभेला लावलं तर चक्क खारट. झाड जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतं.

मग रोहित, म्हणजे फ्लेमिंगो पक्षी दिसले. आधी नुसती गुलाबी रेघ, जवळ गेल्यावर माना. चोच उलटी करून पाणी गाळत होते. एका बाजूला उंच इमारती, विजेचे मनोरे, आणि मधे हे. २०१५ साली अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. शहराच्या कुशीत सतराएक चौरस किलोमीटर राखून ठेवलंय याचंच मला नवल वाटलं.

होटगी रोडवरून, निवृत्त रेल्वेवाला

आम्ही नवरा-बायको कोणार्क एक्स्प्रेसनं ओडिशातल्या चिलिका सरोवराला गेलो. सोलापुरात बसायचं, गाडी बदलायची भानगड नाही. सरोवर गाडीच्या खिडकीतूनच दिसायला लागतं. समुद्राचं खारं आणि नद्यांचं गोडं पाणी तिथं मिसळतं. भारतातलं पहिलं रामसर स्थळ, १९८१ चं. पुढं समुद्राकडचं मुख गाळानं बुजत चाललं, पाणी अळणी झालं, मासे घटले. म्हणून २००० साली नवं मुख खोदलं. मधलं नलबण बेट पावसाळ्यात पाण्याखाली जातं, हिवाळ्यात वर आलं की पक्षी उतरतात.

सरोवराकाठच्या सातपाड्याला डॉल्फिनसाठी होडी केली. नावाड्यानं इंजिन बंद केलं आणि सगळे चिडीचूप. दहा मिनिटांनी एक करडी पाठ वर आली आणि गेली. बस्स! चित्रातल्यासारखी उडीबिडी नाही, लांब चोचही नाही. इरावती डॉल्फिनचं डोकं भोपळ्यासारखं गोल. पैसे वसूल झाले का? बायको म्हणते नाही, मी म्हणतो झाले. कुरव पक्षी होडीमागं लागले होते. हिनं कडक भाकरीचा तुकडा टाकायला हात उचलला, तर नावाड्यानं मान हलवली. तुकडा शेंगाचटणीला लावून मीच खाल्ला.

नान्नजजवळून

समुद्र नाही, पाणी नाही, तरी लिहितो. आमच्या माळढोक अभयारण्याची हद्द १९७९ साली आठ हजार चौरस किलोमीटरच्या वर आखली. त्यात गावंच्या गावं, बागायतीसुद्धा. सातबारावर नोंद, जमीन विकायची तर परवानगी लागायची. हद्द पुढं बरीच कमी झाली, पण तोवर गावानं पक्ष्यावर राग धरला होता. लहानपणी वडिलांनी लांबून एक दाखवला होता. माझ्या पोरांना चित्रातलाच दाखवतो.

करमाळा तालुका, उजनीकाठ

धागा वाचून हसू आलं. तुम्ही कुठं कुठं जाताय, आणि रोहित आमच्या दारात! सोलापुरात 'उजनी मायनसमध्ये गेली' म्हटलं की बायामाणसं टिपाडं भरायला लागतात. धरणात सगळं मिळून ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, त्यातला ६३ च्या वर मृतसाठा, म्हणजे तळाचं राखीव पाणी. पाणी त्याच्याही खाली उतरलं, म्हणजे मायनस झालं की तुमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि आमच्याकडं उघड्या पडलेल्या चिखलात रोहितांची जेवणावळ. २०२४ च्या उन्हाळ्यात तर आजोबांची बुडालेली विहीर वर आली. कडेचे दगड जागच्या जागी. आजी मोटेची जागा दाखवत होती, आणि पलीकडं शे-दोनशे पक्षी खाली मान घालून चरत होते. काय वाटलं ते नीट सांगता येत नाही.

आमच्या गावात तिकीट नाही, पर्यटन केंद्र नाही, मासेमाराचीच होडी. तक्रार एक आहे. फोटोवाले 'उडवा, उडवा' म्हणतात आणि चार पैशांसाठी एखादा नावाडी होडी सरळ थव्यात घालतो. मागच्या वर्षी मी पण घातली. थवा उठला तो दुसऱ्या दिवशीही परत आला नाही. तेव्हापासून शंभरेक फुटांवर वल्हं थांबवतो, गिऱ्हाईक कितीही बडबडू दे.

धागा सुरू करणारी

दादा, आम्ही येऊ. कधी यावं?

करमाळा तालुका, उजनीकाठ

मार्चनंतर पाऊस लागेपर्यंत कधीही या, ताई. पहाटे सहाच्या आत. पांढरे कपडे नकोत, चप्पल चिखलात गेली तरी चालेल अशी आणा. पाण्याच्या बाटल्या भरून आणा, तेवढं मात्र उजनीकाठी असून आमच्याकडं मिळायचं नाही.