होडीला फायबर मारायचंय: हार्डनर, कॅटॅलिस्ट, कोबाल्ट... नक्की काय घेऊ?

देवगडचा_दर्यावर्दी
नमस्कार. आमची १८ फुटी लाकडी होडी वर ओढून ठेवलीय. तळाला फायबर मारून नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात घालायचीय. गेल्या वर्षी वल्ह्याची फुटलेली पात जोडायला इपॉक्सी आणलं आणि घरात 'हार्डनर' लिहिलेली बाटली होती तीच त्यात ओतली. चार दिवसांनी बोट लावलं तर काकवीसारखी तार! सगळं खरवडून काढलं. आता दुकानदाराने यादी दिलीय: फायबर ४५०, रेझिन, हार्डनर, कोबाल्ट, जेलकोट. यातलं काय कशासाठी? बाबांची होडी आहे, पुन्हा चूक परवडायची नाही.

साचेवाला_काका
तुमची बाटली पॉलिस्टर रेझिनची होती. रेझिन म्हणजे घट्ट होणारा चिकट द्रव, पॉलिस्टर आणि इपॉक्सी हे त्याचे दोन वेगळे प्रकार. बाजारात दोन्हींत घालायच्या बाटलीला हार्डनरच म्हणतात, घोळ तिथेच होतो. पॉलिस्टरचा 'हार्डनर' म्हणजे एमईकेपी, त्यालाच कॅटॅलिस्टही म्हणतात. किलोभर रेझिनला १० ते २० ग्रॅम पुरतो, ऊन बघून कमी-जास्त करता येतो. इपॉक्सीचा हार्डनर मात्र मिश्रणाचाच एक भाग असतो. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच घालायचा, तोही वजनकाट्यावर मोजून. जास्त घातला म्हणून लवकर सुकत नाही, उलट चिकट राहतो.

कोबाल्ट म्हणजे ते जांभळं पाणी, अ‍ॅक्सिलरेटर, म्हणजे पॉलिस्टर लवकर घट्ट करणारं. कोबाल्ट आणि एमईकेपी एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. भडका उडतो, स्फोटही होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळायचं, मग एमईकेपी. दोन्ही बाटल्या एका पिशवीतूनसुद्धा आणू नका. डोळ्याला चष्मा हवाच, एमईकेपीच्या एका थेंबाने डोळा जाऊ शकतो.

पुण्याची_लॅमिनेटर
काकांचं अगदी बरोबर. आता 'फायबर'. तो शब्द खरा नुसत्या तंतूंचा, इथे काचेच्या. तंतू आणि रेझिन मिळून जे तयार होतं ते एफआरपी, म्हणजे तंतूंनी बळकट केलेलं प्लास्टिक. काच असेल तर जीआरपीही म्हणतात, वस्तू तीच. ४५० हा आकडा जाडीचा नाही, चौरस मीटरला ४५० ग्रॅम असं वजन आहे.

पण दादा, माझ्या मते यादीच बदला. जुन्या लाकडावर पॉलिस्टरची पकड कच्ची असते, काही हंगामांत पापुद्रा सुटतो आणि आत पाणी शिरून लाकूड कुजतं. लाकडाला इपॉक्सी द्या. मग यादीतलं फायबर ४५०, म्हणजे काचतंतूंच्या तुकड्यांची मॅटही नको. तिचे तुकडे बहुधा अशा बाइंडरने (डिंकासारख्या चिकटवणाऱ्या पदार्थाने) धरलेले असतात जो पॉलिस्टरमधल्या स्टायरीन या द्रवाने विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे मॅट ताठ राहते आणि कडांना वळत नाही. विणलेलं काचेचं कापड घ्या. लाकूड मात्र खडखडीत सुकलेलं हवं, पावसात ताडपत्रीखाली घाई करू नका.

देवगडचा_दर्यावर्दी
ताई, काका, खूप आभार. म्हणजे इपॉक्सी त्याच्याच हार्डनरसकट आणि विणलेलं कापड. कोबाल्ट, एमईकेपी रद्द. वरून जेलकोट चालेल ना?

पुण्याची_लॅमिनेटर
नको. नेहमीचा जेलकोट, म्हणजे वरचा चकचकीत थर, पॉलिस्टरचा असतो, इपॉक्सीवर भरवशाने धरत नाही. इपॉक्सीवर चालणारा होडीचा रंग मागा. इपॉक्सी सुकल्यावर वर मेणचट थर येतो, तो आधी साध्या पाण्याने घासून धुवा, मग पॉलिश पेपर मारा, मग रंग. धुण्याआधी पेपर मारलात तर तो थर आत रगडला जातो आणि रंग सोलून निघतो.