इंधन टंचाईत तालुक्याच्या पेट्रोल पंपांसाठी राखीव साठा सक्तीचा हवा

नीरेकाठचा

जानेवारी २०२४ मधला टँकरचालकांचा संप आठवा. अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा, या भारतीय न्याय संहितेतल्या कलम १०६(२) विरोधात चालक उतरले. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोतून टँकर निघेनात आणि बघता बघता राज्यभर पंपांवर रांगा लागल्या. वाहतूकदारांशी चर्चा केल्याशिवाय कलम लागू करणार नाही, असं केंद्राने २ तारखेला रात्री सांगितलं आणि संप मिटला. पण पुढच्या वेळी काय, हा प्रश्न तसाच राहिला.

सरकार इंधन सुरक्षेबद्दल बोलतं तेव्हा विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूरच्या भूमिगत साठ्यांबद्दल बोलतं. तिथे ५३.३ लाख टनांची सोय आहे, म्हणजे देशाची साधारण साडेनऊ दिवसांची गरज. पण ते कच्चं तेल. ॲम्ब्युलन्समध्ये ते घालता येत नाही. आपल्या पुणे जिल्ह्यात मुंबई-पुणे-सोलापूर इंधन पाइपलाइन लोणी काळभोरला येते आणि पुढे सोलापूरजवळच्या पाकणीला जाते, त्यामुळे शहराच्या दाराशीच डेपो आहेत. तिथून राजगड (वेल्हे) तालुक्यात जायचं तर कात्रज, चेलाडी फाटा, मग आत, आणि हा सगळा प्रवास टँकरचा. चालक थांबला की आतल्या गावांचं सगळंच थांबतं.

माझी मागणी एकच आहे. प्रत्येक तालुक्यात दोन-तीन पंपांच्या टाकीत ठरावीक डिझेल-पेट्रोल कायम राखीव ठेवावं. तहसीलदाराच्या आदेशाशिवाय ते सुटू नये, आणि सुटलं तर आधी ॲम्ब्युलन्स, आरोग्य केंद्राचा जनरेटर, पाण्याचे टँकर आणि दुधाच्या गाड्यांना मिळावं. याला कायद्याचा आधारही आहे. जून २०२२ मध्ये काही खासगी पंपांनी तोटा होतो म्हणून विक्री आवरती घेतली, तेव्हा केंद्राने सार्वत्रिक सेवेचं, म्हणजे ठरलेल्या वेळेत वाजवी भावात इंधन देत राहण्याचं, बंधन दुर्गम भागांसह सगळ्या पंपांवर घातलं. किमान साठा ठेवणं त्या बंधनातच येतं. तालुकावार आकडा ठरवा आणि तो तपासा, एवढंच मागतोय.

भोर_पंपचालक

दादा, तळमळ कळते, पण टाकी माझी आहे आणि तिच्यातला मालही माझ्या पैशाचा आहे. कंपनीकडे आधी पैसे भरायचे, मग टँकरचा लोड लागतो. बारा हजार लिटर डिझेल म्हणजे दहा-अकरा लाख रुपये. ते कायमचे अडकवून ठेवायचे तर व्याज कोण भरणार?

आणि भाव पडला तर? ३ नोव्हेंबर २०२१ ला, ऐन दिवाळीत, अबकारी कर पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० रुपयांनी उतरवला. ग्राहकाला दिलासा मिळाला, चांगलंच झालं. पण ज्याच्या टाकीत बारा हजार लिटर डिझेल होतं, त्याचे एका रात्रीत १ लाख २० हजार गेले. मे २०२२ मध्ये पुन्हा तेच, पेट्रोल ८ आणि डिझेल ६ रुपयांनी कमी. दोन्ही वेळी टाकी भरून ठेवणाऱ्यालाच फटका बसला. सक्तीचा साठा म्हणजे ही जोखीम बारमाही.

दुसरं, आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते पाणी ओढतं. आमच्याकडच्या पावसात झाकणातून जरा जरी पाणी झिरपलं, तर इथेनॉल पाण्यासोबत तळाशी बसतं आणि वर नुसतं कमी प्रतीचं पेट्रोल उरतं. रोज सकाळी डिप घेताना, म्हणजे टाकीत काठी घालून पातळी मोजताना, काठीला पाणी दाखवणारी पेस्ट लावून पाणी तपासतो ते यासाठीच. माल फिरता राहिला तर निभावतं, पडून राहिला की गाड्या बंद पडतात आणि शिव्या पंपाला.

कोथरूडकर

साठ्यापेक्षा वाटप सुधारा. त्याच संपात चंदीगड प्रशासनाने दुचाकीला २ आणि चारचाकीला ५ लिटरची मर्यादा घातली होती. निम्मी टंचाई घबराटीची असते. भरलेल्या टाकीवर आणखी भरून घेणाऱ्यांना अडवलं तर आहे तोच माल पुरतो. तालुकोतालुकी राखीव टाक्या म्हणजे नवी कागदपत्रं आणि वशिल्याला नवं कुरण.

नीरेकाठचा

@कोथरूडकर, तुमच्याकडे पीएमपी आहे, मेट्रो आहे. पाच लिटर मिळालं तरी दिवस निघतो. राजगड तालुक्यात घिसर, केळद या बाजूच्या गावातून पेशंटला पिकअपमध्ये घालून नसरापूरला आणायचं तर मर्यादेचा नियम शहरापेक्षा वेगळाच हवा. शिवाय पंपावर माल आला तरच वाटप होणार. कोरड्या पंपावर काय वाटणार?

जुन्नरची_ज्योती

कॅनबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. टंचाईची कुणकुण लागली की पहिला फलक लागतो, "कॅनमध्ये डिझेल मिळणार नाही". शेतात उभा असलेला ट्रॅक्टर पंपावर कशाने न्यायचा? ऐन टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजारात माल पोचवायचा असतो, तोडलेला टोमॅटो थांबत नाही. पेट्रोलियम कायद्यानुसार २,५०० लिटरपर्यंत डिझेल परवान्याशिवाय ठेवता येतं, फक्त एक भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नको. मग राखीव साठा पंपचालकाच्या माथी का मारता? गावच्या विकास सोसायटीला ठेवू द्या. डिझेल थेट दारात पोचवायची सोय २०१८ मध्ये पुण्यातूनच सुरू झाली होती, ती कारखाने आणि गृहसंकुलांपुरती का राहावी?

निवृत्त_पुरवठा_शाखा

ताई, मुद्दा रास्त आहे, पण सोसायटीच्या गोदामात खताच्या पोत्यांशेजारी डिझेलचे बॅरल ठेवायला मी संमती देणार नाही. आग लागली तर तालुक्यात अग्निशमनाची गाडी कुठून येणार, हे आधी सांगा. रॉकेलच्या काळात भेसळीची प्रकरणंही हाताळली आहेत. मोकळ्या बॅरलवर लक्ष ठेवणं फार अवघड असतं.

खरी उणीव माहितीची आहे. अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली प्रशासनाला अधिकार आहेत, पण आज कोणत्या पंपात किती लिटर उरलंय हे तहसीलदाराला फोन करून विचारावं लागतं. पंपांच्या टाक्यांना आता स्वयंचलित मापक आहेत, कंपनीच्या कार्यालयात पातळी दिसते. तीच तहसील कार्यालयात दिसू द्या. कोणता पंप कोरडा पडतोय हे आदल्या दिवशी कळलं तर पोलिस बंदोबस्तात लोणीहून टँकर काढता येतो.

नीरेकाठचा

माहिती हवीच. पण रस्ता बंद असेल, दरड आली असेल, तर बंदोबस्तातला टँकरही पोचत नाही. भोरमध्ये वरंध घाटाचं दर पावसाळ्यात काय होतं ते आपण बघतो. साठा आधीच आत असायला हवा.

@भोर_पंपचालक, तुमच्या पैशाच्या मुद्द्याला माझं उत्तर असं: राखीव माल कंपनीच्या मालकीचा राहू द्या. तुमच्या टाकीत असला तरी विकेपर्यंत तुम्ही पैसे भरायचे नाहीत. भाव पडला तर नुकसान कंपनीचं, चढला तर फायदाही तिचाच. जागेचं भाडं तुम्हाला मिळावं.

भोर_पंपचालक

असं लेखी मिळालं तर डिझेलसाठी टाकी द्यायला तयार आहे, वेगळी टाकी बसवायचा खर्चही त्यात धरा. पेट्रोल मात्र जून ते सप्टेंबर राखीव ठेवणार नाही. पाणी शिरलं तर ग्राहक कंपनीकडे जात नाही, माझ्या काउंटरवर येतो.